१६१३ चा रोटरी पंप काढून इनलाइन पंप बसवावा, की इंजिनच बदलावे?

ऊसगाडी_सातारा:
नमस्कार. माझ्याकडे टाटा १६१३ असून तिला कमिन्सचे ६बीटी, ५.९ लिटर, टर्बो इंजिन आणि व्हीई जातीचा रोटरी डिझेल पंप आहे. हंगामात गाडी उसाला असते आणि उरलेले महिने खत व सिमेंट वाहते. गेल्या दोन हंगामांत पंप दोनदा उघडला. पहिल्या वेळी हेड-रोटर (पंपात दाब तयार करून डिझेल वाटणारी जोडी) बदलला, दुसऱ्या वेळी आतले वेन, रोलर आणि कॅम प्लेट बदलली. आता पुन्हा तीच रड सुरू झाली आहे. सकाळी थंड इंजिन एका सेलमध्ये चालू होते. परंतु कारखान्याच्या काट्यावर रांगेत अर्धा तास बंद ठेवले की कितीही सेल मारला तरी ते उचलत नाही. ड्रायव्हरने पंपाच्या डोक्यावर पाण्याची बाटली ओतली की दोन मिनिटांत चालू होते. खंबाटकीच्या चढाला पिकअपही पूर्वीचा राहिलेला नाही.

पंप-नोझलवाले म्हणतात, रोटरी काढा आणि इनलाइन बसवा, पुन्हा माझ्याकडे यावे लागणार नाही. गॅरेजचे मिस्त्री म्हणतात, कुर्ल्याच्या भंगार बाजारातून वापरलेले दुसरे ६बीटी आणून पूर्ण इंजिनच टाका. दोन्ही वेळचा दुरुस्तीचा खर्च एकत्र केला, तर एक बरा वापरलेला इनलाइन पंप आला असता, म्हणून या वेळी विचारूनच हात घालावा असे ठरवले आहे. हा बदल खरोखर फायद्याचा आहे का, त्यासाठी नेमके काय काय बदलावे लागते आणि आरटीओची काही अडचण येते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कॅलिब्रेशन_बेंच:
मी अनेक वर्षे टेस्ट बेंचवर पंप जुळवण्याचे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो. आपल्या ड्रायव्हरने बाटलीने जी गोष्ट केली, ती खरे तर एक जुनी आणि भरवशाची तपासणीच आहे. व्हीई पंपात एकच प्लंजर फिरता फिरता पुढे-मागे होतो आणि सहाही सिलिंडरांना आळीपाळीने डिझेल वाटतो. तो प्लंजर म्हणजेच रोटर, आणि तो आणि हेड यांच्यातली फट झिजून वाढली, की थंड व घट्ट डिझेल कसेबसे दाबले जाते. इंजिन तापल्यावर मात्र डिझेल पातळ होते आणि सेलच्या कमी फेऱ्यांना त्या फटीतून निसटून जाते, त्यामुळे नोझल उघडण्याइतका दाबच तयार होत नाही. डोके गार केले की तेवढ्यापुरता दाब परत येतो. तात्पर्य, आपला हेड-रोटर पुन्हा गेला आहे, याबद्दल मला फारशी शंका नाही.

परंतु खरा प्रश्न तो दोन हंगामांत पुन्हा का गेला, हा आहे, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत आपण कोणताही पंप विकत घेऊ नये असे माझे मत आहे. व्हीई पंपाला इंजिन ऑइल मिळत नाही. त्याची रोलर, कॅम प्लेट, वेन आणि प्लंजर ही सारी मंडळी डिझेलमध्येच बुडालेली असतात आणि डिझेल हेच त्यांचे वंगण असते. त्यात पाणी आले, रॉकेलची भेसळ आली किंवा सक्शनच्या वाटेने हवा आली, की पंप कोरडा चालतो आणि आतले स्टील खरवडले जाते. पंपातला वेन पंप जो आतला दाब तयार करतो, त्याच दाबावर टाइमिंग ॲडव्हान्सचा, म्हणजे फेऱ्या वाढल्या की डिझेल लवकर फवारायला लावणारा, पिस्टन सरकतो. तो दाब पडला की वरच्या फेऱ्यांना इंजेक्शन उशिरा होते आणि चढावर गाडी ओढत नाही. आपली खंबाटकीची तक्रार आणि काट्यावरची तक्रार या दोन्हींचे मूळ एकच असण्याची दाट शक्यता आहे.

इनलाइन पंप दणकट असतो हे खरे आहे. त्यात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र प्लंजर असतो, आणि खालचा कॅमशाफ्ट व टॅपेट इंजिन ऑइलवर चालतात. तरीही प्लंजर आणि बॅरल यांच्यातली काही मायक्रॉनची फट तिथेही डिझेलच वंगते. पाणी असलेल्या डिझेलवर गंजून अडकलेले इनलाइन प्लंजर मी माझ्या हाताने, अक्षरशः लाकडी ठोकळ्याने ठोकून काढले आहेत. त्यामुळे ‘पुन्हा यावे लागणार नाही’ हे वाक्य दुकानदाराचे समजावे.

आधी हे करून पाहा. पंपाच्या इनलेटला हातभर पारदर्शक नळी जोडा आणि इंजिन चालू ठेवून तिच्यात बुडबुडे येतात का ते बघा. आले, तर टाकीपासून फिल्टरपर्यंतचा प्रत्येक जोड, बॅन्जो बोल्टचा (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचा) प्रत्येक वॉशर आणि चासीला घासणारी नळी तपासा. टाकी खाली उतरवून तिचा तळ पाहा. वॉटर सेपरेटरमधले डिझेल काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा. लिफ्ट पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) डायफ्राम किंवा व्हॉल्व्ह थकला आहे का, तेही बघून घ्या. हे सगळे मिळून एका दिवसाचे काम आहे.

नवी_गाडी_जुना_मालक:
बीएस-६ चे डिझेल आल्यापासूनच हे पंप जाऊ लागले आहेत. सल्फर काढले, म्हणजे डिझेलचा चिकटपणा गेला. आमच्याकडे सगळे टाकीत थोडे टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांचे ऑइल) मिसळतात.

कॅलिब्रेशन_बेंच:
ही समजूत फार पसरलेली आहे, म्हणून खुलासा करतो. सल्फर स्वतः वंगण नसते. सल्फर काढण्याच्या हायड्रोजन प्रक्रियेत डिझेलमधली काही वंगण देणारी संयुगे निघून जातात, हे मात्र बरोबर आहे. परंतु १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या १० पीपीएम सल्फरच्या डिझेलमध्ये त्यासाठी वंगणवर्धक मिसळलेले असते आणि त्याची चाचणीही घेतली जाते. ठरावीक पद्धतीने ६० अंश सेल्सिअसला गोळी घासल्यावर तिच्यावर पडणारा व्रण ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा असता कामा नये, अशी मानकाची अट आहे. चांगल्या पंपावरचे डिझेल असेल, तर बाटलीतून काही ओतण्याची गरज मला वाटत नाही. ड्रममधून किंवा कॅनमधून घेतलेल्या डिझेलची गोष्ट वेगळी, कारण त्यात काय आहे हे कोणत्याच मानकाला ठाऊक नसते.

घाटमाथा_६बीटी:
मी हाच बदल माझ्या गाडीवर केला आहे आणि इनलाइनवर समाधानी आहे, तरी ते ‘पंप काढला, पंप लावला’ इतके सोपे काम नाही, हे आधीच सांगतो. पी जातीचा इनलाइन पंप घेतला तर त्याचा फ्लँज रोटरीच्या जागी बसत नाही, म्हणून पुढचे गिअर हाउसिंग, टाइमिंग कव्हर आणि पंपाचा गिअर बदलावा लागतो. हाउसिंग काढायचे म्हणजे इंजिनचा कॅमशाफ्ट बाहेर घ्यावा लागतो आणि तो बाहेर येताना टॅपेट खाली पडू नयेत म्हणून त्यांना वर धरून ठेवण्याची सोय करावी लागते. शिवाय सहा नवीन प्रेशर पाइप, पंपाचा मागचा ब्रॅकेट, इंजिनमधून ऑइलची नळी, पुरेसा दाब देणारा लिफ्ट पंप, ॲक्सिलरेटरची नवी जोडणी आणि इंजिन बंद करण्याची व्यवस्था इतके सारे लागते. नोझलही त्या पंपाला साजेसे असावे लागतात.

हाउसिंग उघडलेच आहे, तर ब्लॉक आणि हाउसिंग यांच्यामधली लोखंडी डॉवेल पिन (दोन भाग नेमके जुळवणारी खिळी) बंदिस्त करून घ्यावी. ६बीटीचे हे जगभर माहीत असलेले दुखणे आहे. कंपनांनी ती पिन हळूहळू बाहेर सरकते आणि टाइमिंग गिअरमध्ये पडली तर इंजिनची वाट लावते. शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची एक छोटी पट्टी अडकवली की काम भागते.

माझी फजिती सांगतो. पी पंपाचा गिअर शाफ्टच्या निमुळत्या टोकावर केवळ घट्ट आवळण्याच्या जोरावर बसतो, तिथे गिअर अडवून धरणारी चावी (की) नसते. आमच्या मिस्त्रीने सवयीप्रमाणे शाफ्टला ऑइलचा हात फिरवला आणि नट आवळला. टाइमिंग सुरेख जुळले, गाडी गॅरेजबाहेर झकास निघाली आणि चाळीस-एक किलोमीटरवर पांढरा धूर सोडत बसली, कारण गिअर शाफ्टवर सरकला होता. दोन्ही पृष्ठभाग थिनरने धुऊन, अगदी कोरडे करून बसवले, तेव्हापासून त्याने त्रास दिलेला नाही.

सर्वांत मोठा धोका पंपाच्या निवडीत आहे. आपल्याकडे भंगारात मिळणारी बरीच ६बीटी इंजिने जनरेटरची असतात. त्यांचा गव्हर्नर (फेऱ्या आवरणारा भाग) ५० हर्ट्झ विजेसाठी मिनिटाला १५०० फेऱ्यांना बांधलेला असतो, तर ट्रकच्या इंजिनाला २५०० च्या आसपास फिरायचे असते. तो पंप गाडीवर लावला तर पेडल दाबूनही गाडी पुढे सरसावत नाही आणि मग मिस्त्री स्क्रू पिळत बसतात. काही जण टाटाच्या ६९७ इंजिनाचा पंप सुचवतात. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर, ५.६७५ लिटरचे इंजिन. त्याच्या बिनटर्बो पंपाचे डिझेलचे माप आपल्या टर्बो इंजिनाला जुळत नाही, आणि टर्बोचा दाब पाहून डिझेल वाढवणारा कॉम्पेन्सेटरही त्याच्यावर नसतो. ट्रकच्याच ६बीटीचा पंप मिळाला आणि तो बेंचवर जुळवून घेता आला, तरच या फंदात पडावे. पूर्ण इंजिन आणतानाही हीच खबरदारी घ्यावी, कारण जनरेटरच्या इंजिनाचे फ्लायव्हील हाउसिंग आणि सम्पही (तळाचे ऑइलचे भांडे) वेगळे निघू शकतात.

कागदपत्रे_आधी:
फक्त कायद्यापुरते लिहितो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. इंजिन क्रमांक प्रमाणपत्रावर असतो, त्यामुळे इंजिन बदलायचे असेल तर आधी आरटीओत जाऊन विचारावे, त्याच जातीचे इंजिन घ्यावे आणि बदल झाल्यापासून चौदा दिवसांत तो नोंदवावा. ज्या गाडीतून इंजिन निघाले, तिची कागदपत्रे आणि खरेदीचे बिल नसेल, तर ते कुर्ल्यातच राहू द्यावे. चोरीच्या इंजिनाचा संशय आला तर गाडी तपास संपेपर्यंत उभी राहू शकते. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंतची कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपयांचा दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

पंप प्रमाणपत्रावर नोंदलेला नसतो, परंतु इंजिनाची प्रदूषणाची मान्यता मूळ पंपासहच झालेली असते, हे विसरू नये. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा २.४५ प्रति मीटर आहे. पंप ‘वाढवून’ घेतलेली गाडी पीयूसी आणि फिटनेस या दोन्ही ठिकाणी अडकू शकते.

ऊसगाडी_सातारा:
सर्वांचे आभार. काल रविवारी पारदर्शक नळी लावून पाहिली. इंजिन जागेवर चालू असताना बुडबुडे अगदी क्वचित दिसत होते, पण ॲक्सिलरेटर दिल्यावर शहाळ्याच्या पाण्यासारखा फेस येऊ लागला. मागोवा घेत गेलो, तेव्हा टाकीतून वर येणारी सक्शनची नळी झाकणाच्या वेल्डजवळ केसाएवढी चिरलेली सापडली. टाकी निम्म्यापेक्षा कमी असली की या चिरेतून जास्त हवा ओढली जात असावी, कारण ड्रायव्हरच्या म्हणण्याप्रमाणे त्रास नेहमी परतीच्या फेरीला व्हायचा. टाकीच्या तळाशी वाटीभर तांबूस पाणी आणि गंजाची पूड निघाली. दोन्ही वेळा पंप उघडला, पण टाकी कुणीच उघडली नाही, मीही नाही.

आता टाकी धुऊन, नळी नवी करून आणि मोठा वॉटर सेपरेटर लावून, याच रोटरी पंपाला नवा हेड-रोटर टाकावा, असा विचार आहे. इनलाइनचा विषय हंगाम संपेपर्यंत बाजूला ठेवतो. हेड-रोटर घेताना कशाकडे लक्ष द्यावे?

कॅलिब्रेशन_बेंच:
निर्णय योग्य वाटतो. हेड-रोटरवरचा क्रमांक आपल्या पंपाच्या पाटीवरच्या क्रमांकाशी ताडून घ्यावा, कारण सहा सिलिंडरांच्या हेडमध्येही प्लंजरचा व्यास वेगवेगळा असतो. जुळवणीनंतर बेंचचा कागद मागा आणि त्यावर आतला दाब व सहाही लाइनांचे माप लिहून घ्या. पंप चढवताना टाइमिंग कानाने न लावता, प्लंजरच्या मागच्या बाजूला डायल गेज लावून लिफ्टवर (प्लंजर किती सरकला हे मोजून) लावायला सांगा. आणि जुना हेड फेकू नका. गंजाचे ओरखडे उभे आहेत की आडवे, हे मला फोटोत पाहायचे आहे.