हेल्मेटमधील ब्लूटूथ हेडसेट : वेग सत्तरच्या पुढे गेला की काहीच नीट ऐकू येत नाही

कृष्णाकाठ (प्रश्न)

मी पुण्यात नोकरी करतो आणि महिन्यातून दोनदा मोटारसायकलने कराडला आईवडिलांकडे जातो. दोन महिन्यांपूर्वी मी पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटमध्ये ब्लूटूथ हेडसेट बसवून घेतला. गाडी सिग्नलला उभी असताना त्याचा आवाज इतका मोठा येतो की तो कमी करावा लागतो. मात्र महामार्गाला लागून वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या पुढे गेला की नकाशाच्या सूचनांतले शब्द कळेनासे होतात, आणि गाण्यातला डग्गा तर पूर्णपणे नाहीसा होऊन नुसता वरच्या पट्टीतला किणकिणाट उरतो. वडिलांचा फोन आला की त्यांना माझ्या बोलण्याऐवजी वाराच ऐकू येतो.

ज्या दुकानात हेडसेट बसवून घेतला तेथे विचारले असता, मोठ्या स्पीकरचा आणि दुप्पट किमतीचा संच घ्यावा लागेल असे सांगण्यात आले. स्पीकर आणखी आत बसावा म्हणून हेल्मेटच्या आतले थर्मोकोल थोडे कोरून देण्याचीही त्यांनी तयारी दाखवली. खरोखरच महाग संच घेणे आवश्यक आहे का, थर्मोकोल कोरणे योग्य आहे का, आणि असा हेडसेट वापरणे कायद्यात बसते का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रंगमंच_ध्वनी

सर्वप्रथम एक विनंती : थर्मोकोलला कोणालाही हात लावू देऊ नका. अपघातात डोक्याला बसणारा धक्का स्वतः चेपून शोषून घेणारा भाग तोच असतो. जेथे तो कोरला जाईल, नेमके तेथेच कवच आणि कवटी यांच्यामधले अंतर कमी होईल, आणि भारतीय मानक आयएस ४१५१ प्रमाणे ज्या हेल्मेटची चाचणी झाली ते हे हेल्मेट राहणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मी अनेक वर्षे नाटकांच्या ध्वनिव्यवस्थेचे काम केले आहे आणि गेली सात वर्षे हेल्मेटमध्ये हेडसेट वापरतो आहे. तुम्ही लिहिलेले डग्गा नाहीसा होण्याचे लक्षण स्पीकर कमजोर असल्याचे नसून तो चुकीच्या जागी बसल्याचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे स्पीकर साधारणपणे चाळीस मिलिमीटर व्यासाचे, चपटे आणि मागून उघडे असतात. अशा स्पीकरच्या पुढून निघणाऱ्या आणि मागून निघणाऱ्या खर्जाच्या लहरी एकमेकींना मारतात, त्यामुळे तो कानाला अगदी लगटून असेल तरच खर्ज कानापर्यंत पोहोचतो. स्पीकर बोटभर मागे किंवा खाली सरकलेला असला तर पहिल्यांदा खर्ज जातो आणि वाऱ्याचा आवाज वाढला की त्यामागोमाग शब्दही जातात. अंतर निम्मे केले तर आवाज ढोबळ मानाने सहा डेसिबलने वाढतो. इतका फरक महाग संच घेऊनही मिळेलच असे नाही.

बसवणारे लोक बहुधा हेल्मेटमधला कानासाठी ठेवलेला खळगा पाहतात आणि स्पीकर त्याच्या मधोमध चिकटवतात. परंतु तो खळगा कानाची पूर्ण पाळी मावावी एवढा मोठा असतो, आणि तुमच्या कानाचे छिद्र त्याच्या मध्यावर येईलच याची काहीही खात्री नसते. माझ्या बाबतीत ते मध्यापेक्षा जवळजवळ दोन सेंटिमीटर पुढे आणि थोडे वर होते. याची परीक्षा घरीच करता येते. हेल्मेट घालून, पट्टी बांधून, बोलण्याचा आवाज असलेले काहीतरी मध्यम आवाजात लावा. मग हेल्मेट दोन्ही हातांनी धरून ते अगदी थोडे पुढे-मागे आणि वर-खाली सरकवा. एका विशिष्ट जागी आवाज एकदम भरून येईल, जणू कोणी दार उघडले आहे. हेल्मेट ज्या दिशेला सरकवल्यावर हे घडले, त्याच दिशेला आणि तितकाच स्पीकर आत सरकवायचा. डावा आणि उजवा स्पीकर वेगवेगळा तपासा, कारण दोन्ही कान सारख्या उंचीवर असतातच असे नाही.

त्यानंतर खोली पाहा. हेल्मेटच्या खालून बोट घालून स्पीकर आणि कान यांच्यात किती जागा उरते ते चाचपा. जागा उरत असेल तर वेलक्रोच्या गोल चकत्या एकावर एक लावून स्पीकर बाहेर आणता येतो. बहुतेक संचांबरोबर अशा चकत्या मिळतात आणि पुष्कळ लोक त्या खोक्यातच ठेवून देतात. स्पीकरने कानाला केवळ स्पर्श करावा, दाबू नये. घरी पाच मिनिटांत न जाणवणारा दाब पाऊण तासानंतर असह्य होतो, म्हणून रस्त्यावर निघण्यापूर्वी हेल्मेट घालून अर्धा तास घरातच बसून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

मागची_सीट

मी मोटारसायकल चालवत नाही, पतीच्या मागे बसून प्रवास करते, आणि आमच्या दोन हेडसेटच्या संभाषणातल्या अडचणी सोडवण्याचे काम माझ्याकडेच असते. त्या अनुभवावरून माइकबद्दल लिहिते.

पूर्ण चेहऱ्याच्या हेल्मेटसाठी दांडीचा माइक वापरू नये. हनुवटीपुढच्या भागात आतून चिकटवायचा, वायरला जोडलेला छोटा माइक वापरावा. या माइकला एक बाजू असते, आणि तिच्यावर बाण किंवा ठिपका अशी खूण असते; ती खूण तोंडाकडे असलीच पाहिजे. आमच्या संचात दुकानदाराने माइक उलटा चिकटवला होता. पहिल्या संपूर्ण सहलीत पतींना माझे बोलणे विहिरीतून आल्यासारखे ऐकू येत होते आणि आम्ही दोघेही दोष ब्लूटूथला देत होतो. माइकवरची फोमची टोपी काढून टाकू नका, आणि हनुवटीखाली लावायचा कापडी पडदा हेल्मेटबरोबर मिळाला असेल तर तो जरूर लावा, कारण बहुतांश वारा तेथूनच आत शिरतो.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. ब्लूटूथवर गाणी ऐकणे आणि फोनवर बोलणे या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. माइक सुरू होताच हेडसेट गाण्याची व्यवस्था सोडून बोलण्याच्या व्यवस्थेवर जातो आणि आवाज अरुंद, एकसुरी होतो. फोन आल्यावर आवाजाचा दर्जा घसरला म्हणजे यंत्र बिघडले, असा निष्कर्ष काढू नये.

घाटवाट

वर दिलेला सल्ला अचूक आहे. मला त्यात कानांच्या आरोग्याची भर घालायची आहे, कारण या विषयाकडे आपल्याकडे फारच दुर्लक्ष होते. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज शंभर डेसिबलच्या घरात जाऊ शकतो. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतील निओश ही संस्था ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा सुचवते आणि त्यापुढील प्रत्येक तीन डेसिबलला ती वेळ निम्मी करते; या हिशेबाने शंभर डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे मिळतात. त्या गोंगाटावर मात करण्यासाठी स्पीकरचा आवाज वाढवत नेणे म्हणजे कानांवर दुहेरी भार टाकणे होय.

मी स्वतः फोमचे साधे इअरप्लग घालून त्यावर हेडसेट ऐकतो. ऐकायला हे उलटे वाटेल, परंतु इअरप्लग वारा आणि स्पीकर दोन्ही खाली आणतात, आणि कानावरचा अतिरेकी दाब कमी झाल्यामुळे शब्द अधिक सुटे ऐकू येतात. हॉर्न आणि रुग्णवाहिकेचा भोंगा मला अजूनही स्पष्ट कळतो. पूर्णपणे बंद करणारे इअरबड्स मात्र हेल्मेटखाली घालू नयेत. ते हेल्मेट घालताना निसटतात, दाबले जातात आणि गाणे सुरू असताना आजूबाजूचा रस्ताही झाकून टाकतात.

कायद्याबद्दल : मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने, वाहन चालवताना हातात धरायचे संपर्क साधन वापरणे हे धोकादायक वाहनचालनात समाविष्ट केले आहे, आणि पहिल्या गुन्ह्यासाठी एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हेल्मेटमधला हेडसेट हातात धरावा लागत नाही, परंतु म्हणून फोनवर गप्पा माराव्यात असे मुळीच नाही. खंबाटकीच्या वळणावर ट्रकमागे असताना मन घरच्या संभाषणात गुंतले तर हात मोकळे असून काहीही उपयोग नाही. मी नकाशाच्या सूचना तेवढ्या ऐकतो, आणि फोन आला तर "थांबून करतो" एवढेच बोलून बंद करतो.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी गालाजवळच्या गाद्या काढून पाहिले. उजवा स्पीकर कानाच्या छिद्रापासून जवळजवळ दीड बोट मागे होता आणि डावा अस्तराच्या जाड थराखाली दडला होता. दोन्ही सरकवले, डाव्याखाली दोन चकत्या लावल्या, आणि माइकवरची खूण बाहेरच्या बाजूला होती ती आत फिरवली. रविवारी कराडला जाताना ऐंशीच्या वेगालाही सूचनेतला शब्द न् शब्द कळला, आणि तोही पूर्वीपेक्षा आवाज दोन पायऱ्या खाली ठेवून. डाव्या कानाला सातारा येईपर्यंत थोडे दुखू लागले, तेव्हा एका ढाब्यावर थांबून एक चकती काढली.

वडिलांचा फोन वाटेत आला होता. मी "थांबून करतो" एवढेच म्हणालो आणि पुढच्या पेट्रोल पंपावरून त्यांना फोन केला. माझे ते दोन शब्द त्यांना पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आले होते, असे त्यांनी सांगितले.