उन्हाळ्यातली पाखरं: यंदा तुम्ही काय पाहिलंत?

मार्च संपला की ओळखीतल्या निम्म्या दुर्बिणी कपाटात जातात. धोबी, तुतवार, थापट्या परतीच्या वाटेला लागलेले असतात, तळ्यांच्या कडा भेगाळतात आणि ‘आता थेट दिवाळीनंतर’ असं म्हणून मंडळी मोकळी होतात. मला हे कधीच पटलं नाही. थंडीत आपण पाहुण्यांच्या मागे असतो. घरच्यांचा संसार बघायचा तर तो चैत्र-वैशाखातच. घरटी, अंडी, पिलांची भूक, पाण्यावरची भांडणं, सगळं याच दिवसांत चाललेलं असतं.

म्हणून हा धागा. या उन्हाळ्यात जे डोळ्यांनी पाहिलंत, कानांनी ऐकलंत ते लिहा. दुर्मीळच हवं असं मुळीच नाही. दिवस, वेळ, झाड कुठलं, पक्षी काय करत होता, हे जितकं बारकाईनं लिहाल तितकं चांगलं. एकच कळकळीची विनंती: घरट्याची नेमकी जागा कुणीही लिहू नका. घरट्याचा फोटोही नको.

सुरुवात मी करते. आमच्या परसातल्या शेवग्याची एक फांदी गेल्या वर्षी वाळली. तोडायची राहिली, ते फार बरं झालं. फेब्रुवारीत तांबटाच्या जोडीनं तिला खालच्या अंगानं भोक पाडलं. खालून पाडलेलं, म्हणजे पावसाचा थेंबही आत जाणार नाही. जोडीतला एकजण समोरच्या आंब्याच्या शेंड्यावर बसून ‘टुक् टुक् टुक्’ लावतो. परवा घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला 112. चोच मात्र मिटलेलीच! प्रत्येक ‘टुक्’ला गळ्याची कातडी दोन्हीकडून फुगते, बसते, आणि डोकं असं वळतं की आवाज एकदा डावीकडून येतो, एकदा उजवीकडून. लहानपणापासून हा आवाज ऐकत आले, पण चोच बंद असते हे साठीत कळलं. आज सकाळी भोकाच्या तोंडाशी पिलाची चोच दिसली.

पुणे, 21 एप्रिल

बार्शी तालुका, 28 एप्रिल

मी शेती करतो. मशागतीला ट्रॅक्टर घातला तेव्हा तिसऱ्या तासालाच एक टिटवी फाळाच्या वाटेत पंख पसरून उभी राहिली. हॉर्न दिला, हटेना. खाली उतरून पाहिलं तर ढेकळांच्या मधे चार अंडी. मातीचा रंग, वर काळे डाग, निमुळती टोकं सगळ्यांची आतल्या बाजूला. भोवती चार खडे, झालं घरटं. चारी बाजूंनी दहा-दहा पावलं जागा सोडून बाकीचं रान नांगरून घेतलं आणि कोपऱ्यांना काठ्या रोवल्या.

तेव्हापासून रोज दुपारी बांधावरच्या लिंबाखाली बसून बघतोय. पारा 42 वर आहे. भर उन्हात ती अंड्यांवर टेकत नाही. पाय ताठ करून, अंग किंचित फुगवून वर उभी राहते, अंड्यांवर सावली पडेल अशी. मग दुसरी येऊन जागा घेते आणि पहिली शेततळ्यावर जाते. पाण्यात पोट बुडवते, उठते, परत बुडवते, आणि ठिबकत्या पोटानं येऊन अंड्यांवर बसते. काल दुपारी बारा ते चार दोघांच्या मिळून नऊ खेपा झाल्या. मी इतकी वर्षं टिटवी म्हणजे नुसता रात्रीचा ओरडा समजत होतो.

आमचे आबा सांगतात, टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस दमदार, खोलगटात घातली की हात आखडता. ही तर सपाट रानात आहेत. ‘मग बघू,’ असं म्हणाले.

ठाणे, 4 मे

आमच्या चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून पर्जन्यवृक्षाचा शेंडा खाली दिसतो. तिथं कावळ्याचं घरटं आहे, काड्यांपेक्षा तारा जास्त. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी काळा कोकीळ घरट्याच्या अगदी जवळ येऊन ओरडायला लागला. दोन्ही कावळे त्याच्या पाठी लागले आणि तेवढ्यात मादी पानांमधून सरळ घरट्यात उतरली. तपकिरी अंग, त्यावर पांढरे ठिपके. माझी पोळी तव्यावरच होती आणि उलटायच्या आत ती निघूनही गेली.

कोकिळेचं पिल्लू सगळ्यांच्या आधी अंड्यातून बाहेर आलं. कावळ्याची दोन नंतर आली. तिघंही लाल तोंडं उघडून बसतात आणि कावळीण तिघांनाही भरवते. सासूबाई रोज दुपारी खुर्ची ओढून खिडकीशी बसतात. काल म्हणाल्या, ‘कावळ्याला लोक उगाच नावं ठेवतात, परक्याचं पोर वाढवतोय की.’ ग्रिलवर मातीचं परळ ठेवलं आहे, त्यात हीच कावळीण शिळी भाकरी भिजवून मऊ करून नेते. पाणी त्यामुळे दिवसातून दोनदा बदलावं लागतं.

निफाड तालुका, 7 मे

नांदूर मध्यमेश्वरला डिसेंबरात माणसांचीही जत्रा असते. राज्यातलं हे पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, त्यामुळे लांबून लोक येतात. परवा पहाटे तिथं फक्त मी आणि एक गुराखी. थंडीभर चिखलाच्या रंगात विरघळून जाणारी ढोकरी सध्या ओळखू येत नाही. पाठीवर गडद वांगी रंगाची शाल, मानेवर पिवळसर झाक. गायबगळ्यांची डोकी केशरी झाली आहेत. विणीचा साज आहे हा, पावसाळा ओसरला की उतरेल. ज्यांनी हे पक्षी फक्त थंडीत पाहिलेत त्यांनी एकदा मेमध्ये या.

पुणे, 10 मे

सिंहगडाच्या परिसरात मी 14 वर्षं फिरतोय. गेल्या मे महिन्यातली गोष्ट आहे, मनातून जात नाही म्हणून लिहितो.

ओढ्यावर झुकलेल्या एका फांदीच्या बेचक्यात स्वर्गीय नर्तकाचं घरटं होतं. वाटीएवढं, बारीक तंतूंचं, बाहेरून कोळ्याच्या जाळ्यानं लिंपलेलं. अंडी उबवायला नरही बसतो हे मी वाचलं होतं, पण पाहिलं तेव्हा बघतच राहिलो. पांढराशुभ्र पक्षी, काळंभोर डोकं, अंग वाटीत मावलेलं आणि शेपटीच्या दोन लांब फिती घरट्याबाहेर लोंबत होत्या. वारा आला की त्या फिती हलायच्या, बाकी तो निश्चल. वीस मिनिटांनी विटकरी मादी आली आणि दोघांनी न बोलता जागा बदलली.

मी हे एका माणसाला सांगितलं, त्यानं पुढे. रविवारी तिथं कॅमेरे घेऊन बरीच माणसं. कुणी मोबाइलवर नराचा आवाज वाजवत होतं. फोटोत पानं आडवी येतात म्हणून कुणीतरी आजूबाजूच्या डहाळ्या छाटल्या होत्या. मी बोललो, वाद झाला, मंडळी निघाली, पण सावली गेली ती गेलीच. बुधवारी गेलो तर वाटी रिकामी होती. खाली दगडावर कवचाचा तुकडा पडला होता.

या वर्षी गेल्या आठवड्यात ओढ्याच्या वरच्या अंगाला मादी दिसली, चोचीत जाळ्याचा पुंजका. मी तिथूनच मागे फिरलो.

*धागा सुरू करणारी मी: मागे फिरलात हे फार मोलाचं. रेकॉर्ड वाजवणाऱ्यांसाठी एवढंच सांगते: तो आवाज ऐकून नराला वाटतं की दुसरा नर आपल्या हद्दीत घुसला. घरटं, मादी, खाणं सोडून तो भांडायला येतो, आणि 40 अंशात वाया गेलेली प्रत्येक फेरी त्याला महागात पडते. विणीच्या दिवसांत आवाज वाजवायचाच नाही. यात अधलंमधलं काही नाही.*

सावंतवाडी तालुका, 14 मे

आमच्याकडे धनेशाला ककणेर म्हणतात. आमच्या गावच्या देवराईत काळ्या-पांढऱ्या मलबारी धनेशाची जोडी आहे. फेब्रुवारीच्या शेवटी मादी ढोलीत गेली आणि आतून तोंड लिंपून घेतलं. चोच जाईल एवढीच फट ठेवली. तेव्हापासून तिचं सगळं जगणं नराच्या खेपांवर. तो येतो ते आधी कानाला कळतं, पंखांचा घुसघुस आवाज होतो. ढोलीशी बसतो, मान मागे टाकतो आणि गळ्यातून एक-एक फळ वर काढून फटीतून देतो. एका खेपेला मी 23 मोजली. उंबर, वडाची, पायरीची. ढोलीखाली टाकलेल्या बिया रुजून रोपांची रांग उभी राहिली आहे.

11 मे रोजी सकाळी सातला आतून ठोकल्यासारखा आवाज यायला लागला. मी पंचा पांघरून लांबच्या जांभ्याच्या दगडामागे होते. लिंपणाचे टवके पडत होते. नर समोरच्या फांदीवर बसून नुसता बघत होता. सव्वानऊला मादी बाहेर आली. शेपटी वाकडी झालेली, पिसं चुरगळलेली. पहिलं उडणं जेमतेम शेजारच्या झाडापर्यंत, मग कितीतरी वेळ एकेक पंख लांब करून बसून राहिली. मागून ढोलीच्या तोंडाशी पिल्लू डोकावलं.

आमच्या घरामागचा जुना बेहडा गेल्या वर्षी काजू लावायला तोडला. त्यात ढोली होती. एवढी मोठी ढोली व्हायला झाडाचं वयही तेवढंच लागतं, आज लावलेलं झाड माझ्या नातवंडांच्या काळात कामाला येईल. देवराई देवाची म्हणून वाचली.

चंद्रपूर, 16 मे

बुद्धपौर्णिमेची रात्र ताडोबाच्या बफरमधल्या मचाणावर काढली. सगळ्यांचं लक्ष वाघाकडे. तो आलाच नाही, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. सूर्य बुडाल्यावर, उजेड पार विझत आला तेव्हा पखुर्ड्या आल्या. आधी दोन, मग सात. कोंबडीच्या पिलांसारख्या पाणवठ्याच्या काठानं पळत आल्या, घटाघट प्यायल्या आणि उडाल्या. एक नर मात्र पाण्यात पोट घासत बसला होता. पखुर्डीचा नर पोटाच्या पिसांत पाणी भिजवून पिलांकडे नेतो, पिलं ती पिसं चोखतात. तो कोणत्या दिशेनं गेला तेवढं दिसलं.

नंतर रातव्यानं रात्रभर ‘चक् चक् चक् चर्र’ चालवलं. पहाटे साडेचारला पहिला आवाज मोराचा, दुसरा दयाळाचा.

ऐरोली, 22 मे

खाडीत रोहित (फ्लेमिंगो) अजून आहेत. ओहोटीला चिखलावर गुलाबी पट्टा, डोकी उलटी घालून चरताहेत. 2024 च्या मे महिन्यात घाटकोपरला विमानाची धडक बसून 39 रोहित मेले. तेव्हापासून रात्री थव्याचा आवाज आला की मी गॅलरीत जाऊन उभा राहतो, तो लांब जाईपर्यंत आत येत नाही.

आंबोली, 27 मे

काल वळिवाची एक सर झाली आणि आज पहाटे शीळकरी कस्तूर सुरू झाला. ओढा अजून कोरडाच आहे.

डोंबिवली, 30 मे

आज सकाळी सहाला गॅलरीत धुण्याच्या बादलीमागे नवरंग! आमचा मजला सातवा. हिरवी पाठ, डोळ्यावरून काळा पट्टा, पोटाखाली शेंदरी लाल, आणि खांद्यावर एक निळा तुकडा असा की ओल्या काचेसारखा चमकत होता. पंख पडलेले, डोळे अर्धे मिटलेले. हे पक्षी दक्षिणेकडून रात्री प्रवास करत येतात आणि थकले की इमारतींच्या काचांवर आदळतात.

मुलगा चमच्यानं पाणी पाजायला निघाला होता, त्याला थांबवलं. चोचीत पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. बुटांच्या खोक्याला भोकं पाडली, खाली जुना सुती पंचा घातला, पक्षी अलगद आत ठेवून झाकण लावलं आणि पंख्यापासून लांब, अंधाऱ्या खोलीत खोकं ठेवलं. वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन केला. माणूस यायला अडीच तास लागले. तोवर घरात टीव्ही नाही, मिक्सर नाही, आम्ही चौघं कुजबुजत होतो. त्यांनी तपासलं, पंख शाबूत होता. संध्याकाळी झाडीत सोडल्याचा निरोप आला. मुलगा त्यांना विचारत होता, ‘शिट्टी वाजवली का त्यानं?’

*मुलाला घेऊन जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कर्नाळ्याला किंवा येऊरला पहाटे जा. दोन सुरांची शिट्टी असते, दुसरा सूर खाली उतरतो. जमिनीवरच्या पाचोळ्यात बघा.*

सासवड, 3 जून

चातक आला. दुपारी 4:10, माळावरच्या बोरीच्या शेंड्यावर, काळा-पांढरा, शेंडी वाऱ्यावर उभी. समुद्रापलीकडून, आफ्रिकेतून आलेला जीव. खालच्या झुडपात सातभाईंचा कालवा चालला होता. त्यांच्याच घरट्यात हा अंडी घालणार, आणि त्यांना ते बहुधा ठाऊक असावं इतका गोंधळ घालत होते. पश्चिमेला ढग आहेत.

बार्शी तालुका, 6 जून

28 एप्रिलला लिहिलं होतं, पुढचं सांगायचं राहिलं. 22 मे रोजी सकाळी चारही अंडी फुटली. दुपारी बघतो तर पिलं चालत होती. काडीसारखे पाय, पाठीवर मातीचाच रंग. वर घार आली, टिटवीनं एक हाक दिली आणि चारही पिलं जागच्या जागी ढेकळांसारखी चपटी झाली. मी पाच पावलांवर होतो, मला एकही दिसेना. घार गेल्यावर दुसरी हाक, मग चारही जागा हलल्या.

आता तीन आहेत. एक कुठं गेलं समजलं नाही, मुंगूस फिरतं बांधाला. तिघं शेततळ्याच्या काठाला असतात, आईबाप दोन बाजूंना. काल रात्री तासभर चांगला पाऊस झाला. आबा पहाटेच रानात जाऊन बोट खुपसून ओल बघून आले, चार बोटं आहे म्हणाले. काठ्या काढल्या आणि सोडलेला तुकडा आज पाळी घालून घेतला.