मदत हवी आहे: बाबांना एक ससा हवाय, रेस्क्यूवाले जोडीच घ्या म्हणतायत

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबला आहे, सांभाळून घ्या.

बाबा ७२ वर्षांचे आहेत आणि सहा महिन्यांपासून आमच्याकडे राहतात. आम्ही दोघं कामावर गेलो की दिवसभर घरी तेच. त्यांना ससा पाळायचाय. कुत्रा नको, कारण फिरवायला गुडघे साथ देत नाहीत. मांजर नको, कारण विचारलं तर नुसतं 'नको' म्हणतात. लहानपणी त्यांच्या घरी एक पांढरा ससा होता, तेव्हापासून हे मनात आहे.

विकत आणायचा नाही हे ठरलेलंच होतं, म्हणून रविवारी एका रेस्क्यूकडे, म्हणजे सोडून दिलेले प्राणी सांभाळून दत्तक देणाऱ्यांकडे, गेलो. बाबांच्या डोळ्यांसमोर काय, तर ओंजळीत मावेल असं पिल्लू, मांडीवर बसून गाजर खाणारं. तिथल्या बाईंनी ओंजळ, मांडी आणि गाजर तिन्ही खोडून काढलं. मग दोन ससे दाखवले. एक करडी मादी, एक पडक्या कानांचा नर. दोघं पाच वर्षांचे, दोघांची नसबंदी झालेली. एकमेकांना चिकटून बसले होते. "ही बॉन्डेड जोडी आहे, एकमेकांचा लळा लागलेली, नेलीत तर दोघांना न्या."

बाबा गाडीत एवढंच म्हणाले, "मला एकच हवा होता, आणि तोही म्हातारा नको."

जोडी खरंच तोडता येत नाही, की रेस्क्यूला एका दमात दोन जागा मोकळ्या करायच्या आहेत? पाच वर्षांचा ससा नव्या माणसांना लळा लावतो का? बाबांना खाली वाकता येत नाही, त्यांना हे झेपेल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं. बाबांचा तो लहानपणचा ससा एका सकाळी पिंजऱ्यात मेलेला सापडला. आदल्या दिवशी ठणठणीत होता म्हणे. "ससे असेच जातात, भीतीनं" असं ते अजून सांगतात. हे खरं आहे का? कारण तसंच असेल तर या वयात त्यांना परत त्यातून न्यायचं नाहीये मला.

तीन सशांची आई: ताई, जोडी तोडू नका. एकाला नेलं तर मागे राहिलेला खाणंपिणं सोडतो, हे मी घरी पाहिलंय. दोन अनोळखी ससे एकत्र आणायला कित्येक आठवडे लागतात आणि घाई केली तर रक्त निघेपर्यंत भांडतात. ती मेहनत रेस्क्यूने आधीच केलीय, तुम्हाला आयती मिळतेय. काम दुप्पट होत नाही. जागा तीच, लिटर बॉक्स तोच, गवताचा ढीग थोडा मोठा. डॉक्टरचा खर्च मात्र दुप्पट होतो, ते आधीच सांगून ठेवते.

पाच वर्षांचा ससा म्हातारा नाही हो. नीट सांभाळला तर ससा ८ ते १२ वर्षं जगतो. पिल्लू आणलंत तर चार-सहा महिन्यांत ते वयात येतं. मग घरभर मुतणं, उकरणं, चावणं, आणि पुढे नसबंदीचं ऑपरेशन. मोठ्या सशाचा स्वभाव जसा आहे तसा समोर दिसतो. अजून एक, वाईट वाटून घेऊ नका: पिल्लू १२ वर्षं जगलं तर तेव्हा बाबा ८४ चे असतील.

सहज सुचलं: एवढा विचार कशाला? नाहीच जमलं तर झाडीत सोडून द्या. ससाच तो.

गवतवाला: कृपा करून असले सल्ले देऊ नका. आपण दोघांनाही ससा म्हणतो म्हणून हा घोळ होतो. शेतात उड्या मारत पळतो तो ससा वेगळ्या जातीचा. तो बीळ करत नाही, त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. घरात पाळतो तो युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हातचं खाल्लेला पाळीव ससा बाहेर सोडला तर दोन दिवसांत कुत्र्याच्या नाहीतर घारीच्या तोंडी जातो. ससेहोलपट हा शब्द उगाच नाही आला.

आता ताईंच्या बाबांचं. ससा हा दुसऱ्यांची शिकार होणारा प्राणी. जमिनीवरून उचललं की त्याच्या लेखी त्याला कुणीतरी पकडलेलं असतं. घाबरून मागचे पाय झाडतो, आणि त्या झटक्यात त्याचा स्वतःचाच मणका मोडू शकतो. त्यामुळे बाबांना वाकून उचलता येत नाही हे उलट बरंच आहे! माझ्या आईचेही गुडघे गेलेत. आम्ही बुटक्या सोफ्याला एक लाकडी पायरी लावली. ती पेपर वाचत बसते आणि ससा आपणहून वर येऊन शेजारी पसरतो. पहिले तीन आठवडे ढुंकून पाहिलं नव्हतं, हेही सांगतो. नखं मात्र दर महिना-दीड महिन्याने कापावी लागतात, ते तुम्ही किंवा डॉक्टरांनी करायचं.

रेस्क्यूत जाणारी: मी एका रेस्क्यूत शनिवार-रविवार काम करते. शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहिते.

भीतीनं ससा दगावू शकतो, हे खोटं नाही. पण 'काल ठणठणीत होता' अशी जी गोष्ट सगळे सांगतात, तिच्यामागे बहुतेक वेळा पोट असतं. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं, आणि ते चालू ठेवतं गवत. खाण्यातला मोठा वाटा, अगदी ८० टक्क्यांच्या वर, साध्या वाळलेल्या गवताचा हवा. लसूणघास पिल्लांना ठीक, मोठ्यांना त्यात कॅल्शियम जास्त होतं. गवत चघळून दातही झिजतात, कारण सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. गाजर गोड असतं, ते चाखण्यापुरतं.

गवत कमी पडलं, दात दुखला, खूप घाबरला, काहीही झालं तरी आतडं मंदावतं. गॅस धरतो, दुखतं, मग तो अजून खात नाही. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे सुटका नाही. आणि दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे, तो नुसता कोपऱ्यात गप्प बसतो. म्हणून ससा १०-१२ तास खाल्ल्याशिवाय राहिला, लेंड्या बंद झाल्या, तर 'उद्या बघू' म्हणायचं नाही, त्याच रात्री डॉक्टर. वेळेत नेलेले पुष्कळ ससे वाचतात. तेव्हा ससा आणण्याआधी सशांवर उपचार करणारा डॉक्टर शोधा. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर ससे बघतोच असं नाही. अमॉक्सिसिलिनसारखी औषधं सशाला तोंडावाटे दिली तर जिवावर बेततात. पिसवांसाठी कुत्र्यांना लावतात ते फिप्रोनिलही सशाला चालत नाही.

बाबांना विचारून पाहा, त्यांचा ससा खायचा काय?

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. रात्री बाबांना विचारलं. गाजर आणि घरातलं उरलंसुरलं. गवत होतं, पण पिंजऱ्यात खाली अंथरायला, आणि ते भिजलं की फेकून द्यायचे. मग मी तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "आदल्या दिवशीचं गाजर तसंच पडलं होतं. मला वाटलं, रुसलाय."

एवढ्या वर्षांत हे गाजर त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

तीन सशांची आई: बाबांना सांगा, तेव्हा कुणालाच हे माहीत नव्हतं. आमच्या घरीही गाजरच द्यायचे.

व्यवहारी: भावना बाजूला ठेवून दोन गोष्टी. दत्तकपत्राचा फॉर्म बाबांच्या नावे भरू नका, तुमच्या नावे भरा. उद्या त्यांना बरं नसलं तर लेंड्या तुम्हालाच काढायच्या आहेत. आणि नाही जमलं तर रेस्क्यू परत घेते का, हे लेखी विचारा. चांगल्या ठिकाणी ती अटच असते, ससा इतर कुणाला द्यायचा नाही, आमच्याकडेच आणायचा. काही जण आधी दोन-तीन आठवडे फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरतं सांभाळायलाही, देतात. घरात वायरी किती मोकळ्या आहेत तेही बघा, सशाला वायर दिसली की राहवत नाही.

रेस्क्यूत जाणारी: +१. आणि तळाला जाळी असलेला पिंजरा घेऊ नका. सशाच्या तळव्यांना गादी नसते, जखमा होतात. पिंजऱ्यापेक्षा मोकळं कुंपण करा, खाली सतरंजी घाला.

धागाकर्ती: अपडेट. रेस्क्यूच्या बाईंशी बोलले. तीन आठवडे फॉस्टर, मग ठरवायचं. फॉर्म माझ्या नावे. सशांवर उपचार करणारे डॉक्टर सापडले, पण गाडीने पाऊण तास लागतो, म्हणून रात्रीसाठी दुसरे शोधतेय. बाबा दोन दिवस वायरींना प्लॅस्टिकच्या नळ्या घालत बसलेत. 'एकच हवा' आता म्हणत नाहीत, 'म्हातारा नको' मात्र अजून म्हणतात, पण पडक्या कानांच्या सशाकडे बघून हसले होते, ते मी पाहिलंय.

त्यांनी एक वही घातलीय. त्यांचा प्रश्न जसाच्या तसा: लेंड्या सकाळी मोजायच्या की रात्री?

रेस्क्यूत जाणारी: मोजत बसू नका म्हणावं, दिवसाला शेकड्याने असतात! सकाळ-संध्याकाळ नुसती नजर टाकायची: कमी झाल्यात का, बारीक झाल्यात का. आणि ससा खाली वाकून स्वतःच्या बुडाशी तोंड नेऊन काहीतरी खाताना दिसला तर हाकलू नका. त्या मऊ लेंड्या वेगळ्या, त्याला त्या पुन्हा खाव्याच लागतात. हे वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा, नाहीतर पहिल्याच पहाटे बाबा तुम्हाला उठवतील.