देवदूत आळशी झाली तर तुमचं काय बिघडलं?

रिकामटेकडा
चक्रमादित्य यांनी परवा ‘सध्या काय पाहताय’ धाग्यावर ‘गॅब्रिएल ड्रॉपआऊट’ या जपानी ॲनिमे मालिकेबद्दल चार ओळी टाकल्या: “बारा भागांत काही म्हणजे काही घडत नाही. चार पोरी किंचाळतात. पहिल्या नंबरची मुलगी सगळं सोडून गेम खेळत लोळते आणि त्यावर आपण हसायचं. असलं पाहूनच पोरं वाया जातात.” तिथेच उत्तर टंकायला बसलो, पण आवरेना. म्हणून हा वेगळा धागा. जिलबी म्हणायचं तर म्हणा.

‘काही घडत नाही’ ही तक्रार घेऊन या वाटेला यायचंच कशाला? दोगा कोबो या स्टुडिओचं काम आहे, दिग्दर्शक मासाहिको ओता, लेखनाला ताकाशी आओशिमा. ही मंडळी २०११च्या ‘युरुयुरी’ मालिकेपासून हेच करताहेत. त्यांनी तुम्हाला कथानकाचं वचन कधी दिलं होतं?

मुख्य मुद्दा आळसाचा. गॅब्रिएल स्वर्गातल्या शाळेत पहिली. पुरती देवदूत होण्याआधी माणसांना जाणून घे म्हणून तिला खाली पाठवतात, जपानी हायस्कुलात. आणि माणसांची मनापासून कळलेली पहिली गोष्ट म्हणजे ऑनलाइन गेम. अहो, अभ्यासक्रम पूर्णच केला की तिने! उलट बाजूला व्हीने. राक्षसीण, पण शेजाऱ्यांनी मुलींना उदाहरण म्हणून दाखवावी अशी. तिला वरून (म्हणजे खालून) महिन्याचे पैसे येतात ते दुष्टपणा किती केला ते बघून, आणि बिचारीच्या हातून तो होतच नाही. इथे आळसाचं कौतुक कुठे आहे? स्वर्ग आणि नरक दोघेही मार्कं देतात, आणि दोन्हीकडची मार्कांची पद्धत माणसाला लागू पडत नाही, यावर सगळा विनोद उभा आहे. पहिल्याच भागात ही माजी टॉपर वैतागून जगबुडीची तुतारी फुंकायला निघते. अप्रेझलच्या आठवड्यात ज्याला हे सुचलं नाही त्याने हात वर करावा.

चक्रमादित्य
चार ओळींना एवढं मोठं उत्तर! सन्मान झाला.
बाकी तुम्ही जे लिहिलंय ते मालिकेपेक्षा चांगलं आहे. मार्कांची पद्धत वगैरे तुम्ही आणलंत, ओतासाहेबांनी नाही. पडद्यावर मला दिसलं ते एवढंच: विस्कटलेली खोली, ट्रॅकसूट, ‘शाळेत जायचं नाही’. हे बघायला मला जपानी देवदूत नको, माझ्या घरात दहावीतला मुलगा आहे. त्याच्या खोलीत सीझन दुसरा चालू आहे.

उमारूभक्त
दुसऱ्या सीझनचा विषय निघालाच आहे तर जखमेवर मीठ चोळतो. हाच विनोद याच स्टुडिओने, याच दिग्दर्शकाने, याच लेखकाने २०१५ मध्ये ‘उमारू’ मालिकेत केला होता. उमारू बाहेर आदर्श कन्या, घरात कोलाचे घोट घेत लोळणारा गोळा. फरक एवढाच की उमारू ते लपवते. लपवण्यात ताण आहे, पकडलं जाण्याची भीती आहे. गॅब्रिएलची सगळी घसरण पहिल्या काही मिनिटांत उरकते, पुढे ती फक्त तशी आहे. गंमत तिथेच संपली.
आणि न्याय म्हणाल तर उमारूला २०१७च्या ऑक्टोबरात दुसरा सीझन मिळाला. गॅब्रिएलवाले अजून बसलेत वाट बघत.

रिकामटेकडा
@उमारूभक्त, भीती आहे ना. थोरली बहीण झेलेल खाली येते तेव्हा गॅब्रिएलचा चेहरा बघा. जगबुडीला न घाबरणारी बाई बहिणीला टरकते.

मेलनपान_चोर
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.
मला फक्त सॅटानियासाठी, म्हणजे दुसऱ्या राक्षसिणीसाठी बोलायचंय. स्वतःला नरकाची भावी महाराणी समजते आणि तिचं भयंकर पाप काय, तर प्लॅस्टिकची बाटली वर्गीकरण न करता कचऱ्यात टाकणं! हसून हसून पुरेवाट. नंतर भटकं पांढरं कुत्रं येऊन हातातला मेलनपान (जपानी गोड पाव) पळवतं. पुन्हा पुन्हा पळवतं. तरी दर वेळी हिचा आविर्भाव तोच.

सोसायटीचा_सचिव
मी ही मालिका पाहिलेली नाही, पण बाटलीचं वाचून राहवलं नाही. घनकचरा व्यवस्थापनाचे नियम २०१६ मध्येच आले होते. आमच्या इमारतीत ओला-सुका वेगळा करा म्हणून लिफ्टमध्ये कागद लावला तर कागदच ओल्या कचऱ्याच्या डब्यात सापडला. जपानात हे पाप गणलं जातं हे वाचून डोळे पाणावले. आमच्याकडे मग सगळा नरकच राहतो म्हणायचं, दुसऱ्या मजल्यासकट.

चक्रमादित्य
@सोसायटीचा_सचिव, न पाहता दिलेला तुमचा प्रतिसाद या धाग्यावरचा सर्वोत्तम आहे.

शाई_संपली
सगळे गॅब्रिएलवर भांडताय आणि दुसऱ्या देवदूताबद्दल, राफिएलबद्दल कोणी बोलतच नाहीये. मला ही मालिका जड गेली ती तिच्यामुळे. ती सॅटानियाला पहिल्या भेटीतच हेरते, करमणुकीचं साधन म्हणून. मग मागे मागे फिरणं, खोट्या आशा दाखवणं, कुत्र्याला तिच्याकडे वळवणं, आणि हे सगळं करताना हसरा चेहरा. तिला काना हानाझावा या अभिनेत्रीचा मधाळ आवाज आहे म्हणून खपून जातं. आवाज काढून बघा.
आमच्या होस्टेलवर अशीच एक सीनियर होती. कधी ओरडली नाही, हात उगारला नाही. “अगं, तू किती गोड आहेस” म्हणायची आणि रात्री बारा वाजता खाली गेटपर्यंत पाठवायची, कुणीतरी भेटायला आलंय म्हणून. गेटवर कोणी नसायचं. खिडकीत सगळ्या हसत उभ्या. मी पण हसायचे, कारण हसलं नाही तर दुसऱ्या दिवशी काय होतं ते माहीत होतं. सॅटानिया हसत नाही, एवढाच फरक.

मेलनपान_चोर
अहो ताई, कार्टून आहे ते. तमाशात सोंगाड्या नेहमीच मार खातो, म्हणून काय वगावर बंदी घालायची? मान्झाईत, म्हणजे जपानी जोडीच्या विनोदी खेळात, एक येडचापपणा करणार आणि दुसरा त्याला झापणार, हीच रीत. सॅटानिया येडचाप, व्हीने झापणारी. राफिएल फक्त आगीत तेल ओतते. शिवाय नीट पाहिलंत तर बाकी दोघी सॅटानियाला अर्धा वेळ विचारतही नाहीत. तिच्या दुष्ट योजना मन लावून ऐकणारी एकटी राफिएलच आहे.

शाई_संपली
‘ताई’ नको. आणि हे शेवटचं वाक्य मी आधी ऐकलेलं आहे. आमच्या सीनियरच्या मैत्रिणी नेमकं हेच सांगायच्या, “ती तुला एवढा वेळ देते, बाकीच्यांना तर ओळखतही नाही.” महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, आणि तरी ‘मजाच तर करत होतो’ हे वाक्य काही जात नाही. सोंगाड्याचं म्हणाल तर तो मालकाला उलट टोले हाणतो, राजाला येडा ठरवतो. सॅटानिया बारा भागांत किती वेळा जिंकते ते सांगा.

उमारूभक्त
उमारूमध्ये असलं काही नाही. एवढंच सांगून गप्प बसतो.

वसईचा_वारा
इकडे कोणीतरी भावना दुखावल्या म्हणून येईल असं वाटलं होतं, अजून कोणी आलं नाही. तर मीच येतो. मी वसईचा, कॅथलिक. मिखाएल, गाब्रिएल आणि राफाएल या महादूतांचा सण आमच्याकडे २९ सप्टेंबरला असतो. मालिका पाहून माझ्या भावना अजिबात दुखावल्या नाहीत, उलट कुणीतरी तयारी करून लिहिलंय की काय अशी शंका आली.
कुत्र्याचं बघा. तोबीतच्या पुस्तकात (प्रॉटेस्टंट बायबलात नसतं, आमच्यात असतं) राफाएल माणसाचं रूप घेऊन तोबियासबरोबर प्रवासाला निघतो आणि सोबत एक कुत्रं असतं. त्याचा कथेत काही उपयोग नाही, दोनदाच उल्लेख येतो, पण जुन्या चित्रांत राफाएलच्या पायाशी ते हमखास दिसतं. इथेही कुत्र्याचं मेतकूट राफिएलशीच. मंगाकार उकामी यांच्या मनात हे होतं असा माझा दावा नाही. आणि तुतारी म्हणाल तर बायबलात गाब्रिएलच्या हातात ती कुठेच नाही. प्रकटीकरणात सात दूत तुताऱ्या फुंकतात, नाव एकाचंही नाही. गाब्रिएलची तुतारी नंतरच्या लोकांनी चिकटवलेली.
आता शाईंच्या मुद्द्यावर. त्याच पुस्तकात अस्मोदियस नावाचा सैतान पळून जातो, आणि राफाएल पार इजिप्तपर्यंत त्याच्या मागे जाऊन त्याला बांधतो. म्हणजे सैतानाचा पिच्छा पुरवणं हे त्याचं अधिकृत काम आहे.

मेलनपान_चोर
घ्या! शास्त्राधार मिळाला. राफिएल ड्यूटीवर आहे. विषय संपला.

शाई_संपली
अस्मोदियसने त्या पुस्तकात काय केलं होतं ते पण लिहा ना, वसईकर.

वसईचा_वारा
सारा नावाच्या मुलीचे सात नवरे मारले होते. एकेक करून, लग्नाच्या रात्रीच.

शाई_संपली
आणि सॅटानियाने बाटलीचं वर्गीकरण केलं नाही. थँक्यू.

मेलनपान_चोर
काही लोकांना प्रत्येक गोष्टीत स्वतःचं होस्टेल दिसतं. त्याला मालिका तरी काय करणार.

शाई_संपली
आणि काही लोक अजून त्या खिडकीतच उभे आहेत. माझ्या प्रतिसादात तुम्हाला ‘बंदी घाला’ दिसलं कुठे? मला हसू आलं नाही, एवढंच लिहिलंय. एखाद्या बाईला हसू आलं नाही याचा इतका राग येण्यासारखं काय आहे?

मेलनपान_चोर
[प्रकाटाआ]

संपादक
व्यक्तिगत शेरेबाजी टाळावी. एक प्रतिसाद उडवला आहे. चर्चा मालिकेवर ठेवा. (ओल्या-सुक्या कचऱ्यासाठी नवा धागा काढावा ही सचिवांना विनंती. कालपासून त्यांचे आणखी तीन प्रतिसाद रांगेत आहेत.)

रिकामटेकडा
माझ्या धाग्यावर माझाच विषय हरवलाय. असो.
शाई, एक सांगतो, मेलनपानची बाजू न घेता. राफिएलला मालिका कुठेही चांगली म्हणत नाही. ती गॅब्रिएलसारखीच नापास देवदूत आहे, फक्त तिचं प्रगतिपुस्तक स्वच्छ दिसतं. केस विंचरलेले, बोलणं अदबीचं, गणवेश इस्त्रीचा. स्वर्गातून कोणी तपासायला आलं तर ओरडा गॅब्रिएल खाणार, हिला शाबासकी. म्हणून तर मी म्हणतोय की विनोद मार्क देणाऱ्यांवर आहे. तुमच्या सीनियरलाही रेक्टर चांगलंच म्हणत असणार.

शाई_संपली
आदर्श विद्यार्थिनीचं बक्षीस मिळालं होतं तिला.
हा मुद्दा मी घेते, पण तुमच्याकडून, मालिकेकडून नाही. मालिकेला हे म्हणायचं असतं तर एकदा तरी कॅमेरा सॅटानियाच्या बाजूने थांबला असता. तो दर वेळी राफिएलच्या बाजूने हसतो.

चक्रमादित्य
बरं बाबा. मार्क, प्रगतिपुस्तक, तोबीतचं कुत्रं, सगळं मान्य. ‘गॅब्रिएल ड्रॉपआऊट’ ही शिक्षणपद्धतीवरची थोर टीका आहे, अभ्यासमंडळाने ती अभ्यासक्रमात लावावी. काल रात्री मुलाबरोबर पहिला भाग पुन्हा पाहिला. तुतारीच्या प्रसंगाला मी हसलो, लिहून ठेवा. मुलगा हसला नाही. म्हणाला, “बाबा, ही एवढी हुशार असून खाली का आली? वरच बसून गेम खेळायचा ना.”
तरी ‘चार पोरी किंचाळतात’ हे माझं विधान कायम आहे. दोन भाग आवाज बंद करून सबटायटलांवर पाहिले तेव्हा डोकं दुखणं थांबलं.

उमारूभक्त
सबटायटलांचं काढलंत म्हणून सांगतो, ॲनिमॅक्स चॅनेल २००४ मध्ये भारतात आलं तेव्हा

रिकामटेकडा
नको. कृपया नको.

उमारूभक्त
बरं. नवा धागा काढतो.

मेलनपान_चोर
@शाई_संपली, उडवलेला प्रतिसाद मी स्वतःहून पुन्हा टाकणार नाही. याला तह समजा किंवा नेटपॅक संपलाय असं समजा. पण एक विचारतो: इतका त्रास होतो तर बाराही भाग पाहिलेत कसे?

शाई_संपली
सॅटानियासाठी. राफिएल दिसली की पुढे ढकलायचे. चोवीस मिनिटांचा भाग तेरा-चौदा मिनिटांत उरकतो, आणि सॅटानिया त्यात पुष्कळदा जिंकते.