ऑथोरायझेशन फिल्टरला ऑर्डर द्यावी, की क्रमाची गरजच मोडावी?

बोरिवली_स्लो:
अंधेरीतल्या एका छोट्या कंपनीत हाउसिंग सोसायट्यांसाठी वेब ॲप बनवतो, मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट कोअर या फ्रेमवर्कमध्ये. आमचे दोन ऑथोरायझेशन फिल्टर आहेत, म्हणजे रिक्वेस्ट पुढे सोडण्याआधी परवानगी तपासणारे कोडचे तुकडे. 'सोसायटी' फिल्टर लिंकमधला सोसायटीचा क्रमांक घेऊन माणूस तिथला सभासद आहे का बघतो आणि तो क्रमांक रिक्वेस्टवर ठेवतो. 'पद' फिल्टर तोच क्रमांक उचलून हा तिथे सेक्रेटरी आहे का ते तपासतो. कोणीतरी 'पद' कंट्रोलरवर (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या अख्ख्या क्लासवर) लावला आणि 'सोसायटी' ॲक्शनवर (त्यातल्या एका फंक्शनवर). कंट्रोलरवरचा आधी धावतो. त्याला क्रमांक सापडला नाही, तर त्याने सरळ त्या माणसाची पहिली सोसायटी धरली.

मालाडला सेक्रेटरी असलेल्या एका गृहस्थांचा भाईंदरला दुसरा फ्लॅट. तिथे ते साधे सभासद. तरी भाईंदरच्या थकबाकीदारांची अख्खी यादी त्यांच्या स्क्रीनवर.

'सोसायटी'ला ऑर्डर, म्हणजे फिल्टरचा क्रम ठरवणारा आकडा, -10 दिली, विषय मिटला. डिफॉल्ट 0 असतो, लहान आकडा आधी धावतो, आणि ऑर्डर स्कोपलाही (फिल्टर कंट्रोलरवर की ॲक्शनवर, यालाही) भारी पडते. माझं मत: ऑथोरायझेशन फिल्टर लिहिला की त्यावर आकडा सक्तीचा.

वडापाव_ड्राय:
आमच्याकडे ती यादी लिफ्टशेजारी चिकटवलेली असते. चालू द्या.

कोड_गिरगाव:
साफ असहमत. आज -10, उद्या कोणी -20 घालेल, परवा त्यांच्यामध्ये -15. सहा महिन्यांनी कोणता आकडा कशासाठी हे विचारायला माणूसच उरणार नाही.

मुळात दोन तपासण्या एकमेकींच्या जिवावर का? 'हा सेक्रेटरी आहे का' हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या सोसायटीचा, हे सांगितल्याशिवाय तो फंक्शनला विचारताच येऊ नये. मायक्रोसॉफ्टसुद्धा स्वतःचे फिल्टर लिहिण्यापेक्षा पॉलिसी (परवानगीच्या अटींचा एक संच) वापरा असंच सांगतं. पॉलिसीतल्या सगळ्या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात, मग आधी कोणती तपासली याने काय फरक पडतो?

बोरिवली_स्लो:
फरक पडतो. एक हँडलर (अट तपासणारा कोड) सपशेल नाही म्हणाला तरी बाकीचे डिफॉल्टने धावतातच. आमची पदाची क्वेरी चार टेबलं फिरून येते. ज्याला गेटवरच अडवायचं त्याच्यासाठी ती का चालवू? आणि क्रम नको म्हणता, मग ऑथेंटिकेशन (माणूस कोण) आणि ऑथोरायझेशन (त्याला परवानगी आहे का) यांची मिडलवेअर, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट ज्यांतून जाते ते टप्पे, उलटी लावून बघा. टोकन (लॉगिनचा पुरावा) खरं असूनही 401, म्हणजे 'ओळख पटली नाही', येईल.

कोड_गिरगाव:
क्वेरीचं दुखणं असेल तर ते वागणं एका सेटिंगने बंद होतं. मिडलवेअरचा क्रम एकाच फाइलीत, वरून खाली, डोळ्यांसमोर असतो. तुमचा आकडा मात्र तीस फाइलींत विखुरलेला. दोन्हींना एकाच तागडीत का तोलता?

ठाणे_जावा:
आम्ही स्प्रिंगवाले (जावाचं फ्रेमवर्क), पण मधे तोंड घालतो. आमच्याकडेही नियम क्रमानेच तपासतात, पहिला जुळेल तो लागू. पण 'बाकी सगळ्या रिक्वेस्ट' हा नियम लिहून झाल्यावर त्याच साखळीत आणखी एखादा मार्ग जोडायला गेलात तर ॲप सुरूच होत नाही. क्रम असण्याला माझी ना नाही. चुकला की बोंब व्हायला हवी, तुमचा चुकला तेव्हा कोणाला पत्ताच लागला नाही. बाकी, दोन्ही ॲट्रिब्यूट (फिल्टर लावायच्या चौकटी कंसातल्या खुणा) एकाच ठिकाणी एकाखाली एक लावून निश्चिंत होऊ नका. ॲट्रिब्यूटच्या लिखाणाच्या क्रमाला अर्थ नाही, असं तुमची सी शार्प भाषाच सांगते.

दादर_पूर्व:
दोघं आकड्यावर भांडताय. 'क्रमांक सापडला नाही तर पहिली सोसायटी धर' ही ओळ कोणाची? ती नसती तर फिल्टर उलटे धावूनही 403 ('परवानगी नाही') आला असता आणि तुम्हाला त्याच दिवशी कळलं असतं. ऑर्डर -10 दिल्यावर ती ओळ काढली का?

बोरिवली_स्लो:
नाही, अजून आहे. डेमोच्या आदल्या रात्री मीच टाकली होती, लॉगिन केल्यावर पान रिकामं दिसत होतं म्हणून. आज काढतो. आकडा मात्र राहू देणार.

कोड_गिरगाव:
ओळ काढल्यावर आकडाही एकदा काढून टेस्ट चालवा आणि काय होतं ते इथे टाका.