सपाट तळवा, रुंद चवडा आणि साताऱ्याचा उतार : धावण्याचे बूट कसे निवडावेत? (सोलापूर)

धागाकर्ती :

सर्वांना नमस्कार. माझे वय ४४, वजन ६६ किलो. मी जुळे सोलापुरात राहते आणि गेली दोन वर्षे आठवड्यातून चार दिवस पहाटे विजापूर रस्त्याने संभाजी तलावाच्या बाजूला धावायला जाते. आठवड्याचे अंतर साधारण ३० किलोमीटर भरते. येत्या सप्टेंबरमध्ये साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन धावण्याचे मनात आहे, त्यामुळे आता एप्रिलमध्येच नवे बूट घेऊन ते पायाच्या सवयीचे करून घ्यावेत, असा विचार आहे.

अडचण अशी की माझे तळवे सपाट आहेत. ओल्या पायाने फरशीवर उभी राहिले तर पूर्ण पाऊल उमटते. चवडा रुंद आहे, टाच मात्र त्या मानाने बारीक. सध्याच्या बुटांवर ९०० किलोमीटरहून अधिक धावणे झाले आहे. गेल्या महिन्यापासून उजव्या करंगळीच्या कडेला जळजळ होते, डाव्या अंगठ्याचे नख काळे पडले आहे आणि सात-आठ किलोमीटर झाले की उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ येऊ लागते. एका दुकानात विक्रेत्याने पाऊल पाहताच ‘तुम्हाला सपोर्टचाच बूट लागेल’, म्हणजे पाऊल आत कलू नये म्हणून आधार देणारा, असे सांगितले. बरोबर धावणाऱ्या मैत्रिणींचे म्हणणे आहे की भरपूर कुशनिंगचा मऊ बूट घ्यावा, बाकी काही पाहू नये. असिक्सचा जेल-कायानो व नोव्हाब्लास्ट, होकाचा क्लिफ्टन आणि नायकीचा पेगॅसस असे चार बूट मी मनात धरले आहेत. कुशनिंग, स्थिरता आणि फिटिंग या तिन्हींपैकी कशाला किती महत्त्व द्यावे आणि या चारांतला कोणता घ्यावा, याबाबत अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ :

ताई, आपण लक्षणे नेमकी लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. मी स्वतः सपाट तळव्यांचा असून बारा वर्षे सोलापूरच्या रस्त्यांवर धावतो आहे. माझे मत स्पष्ट सांगतो : आपल्या तीन तक्रारींपैकी जळजळ आणि काळे नख या दोन सरळसरळ मापाच्या तक्रारी आहेत. म्हणून बुटाचे नाव ठरवण्याआधी पाऊल मोजून घ्या.

मोजायचे ते संध्याकाळी, कारण दिवसभरात पाऊल थोडे सुजते, धावतानाही सुजते, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळिशीच्या पुढे गेला की ती सूज अधिकच जाणवते. धावताना घालता तेच मोजे घालून कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभ्या राहा आणि घरातल्या कोणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून पावलाची कड काढायला सांगा. स्वतः वाकून काढली की भार एकीकडे जातो आणि माप चुकते. दोन्ही पावले मोजा. ती क्वचितच सारखी भरतात, आणि बूट नेहमी मोठ्या पावलाच्या मापाने घ्यायचा असतो.

मग सध्याच्या बुटातला इनसोल (आतली सुटी गादी) बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्याच्यावर उभ्या राहा. मी तीन वर्षांपूर्वी हे पहिल्यांदा केले, तेव्हा माझी करंगळी आणि तिच्यामागचा हाडाचा उंचवटा इनसोलच्या कडेबाहेर जवळजवळ अर्धे बोट आला होता, तर टाचेच्या दोन्ही बाजूंना इनसोलची कड मोकळी दिसत होती. करंगळीच्या जागी इनसोलचे कापड घासून गुळगुळीत, काळपट झाले होते आणि बुटाच्या जाळीला त्याच ठिकाणी आतून भोक पडायला लागले होते. तोवर करंगळी दुखली की मी अर्धा नंबर मोठा बूट घेत आलो होतो.

लांबी वाढवून रुंदी मिळवण्याची ही चूक पुष्कळ जण करतात, म्हणून ती नीट सांगतो. ब्रिटिश मापात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, अर्थात सुमारे साडेआठ मिलिमीटर. अर्धा नंबर वाढवला तर बूट चार मिलिमीटरने लांब होतो, रुंदी मात्र त्या मानाने फारच थोडी वाढते. चवडा पूर्वीसारखाच आवळलेला राहतो, टाच सैल पडते, बूट जिथे वाकायला हवा ती जागा बोटांच्या पुढे सरकते आणि उतारावर अख्खे पाऊल पुढे घसरून अंगठा टोकाला आदळत राहतो. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढून परत उतरायचा असतो, त्यामुळे ही खोट आपल्याला तिथे सर्वांत जास्त त्रास देईल. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, त्याहून फार नको. रुंदी हवी असेल तर रुंद साच्याचा बूटच मागायचा. बायकांच्या बुटांत नेहमीची रुंदी ‘बी’ आणि रुंद साचा ‘डी’ असतो, तर पुरुषांच्या बुटांत नेहमीचीच रुंदी ‘डी’ असते आणि रुंद साचा ‘२ई’. म्हणजे बायकांचा ‘डी’ मिळाला नाही तर पुरुषांचा साधा बूट घालून पाहण्यात काहीही गैर नाही. नंबर मात्र लेबलावरच्या सेंटीमीटरच्या आकड्याशी ताडून घ्यावा.

आता स्थिरतेबद्दल. पाऊल टेकल्यावर ते थोडे आत कलणे ही धक्का पचवण्याची शरीराची स्वतःची रीत आहे, तो आजार नव्हे. डेन्मार्कमध्ये ९२७ नवख्या धावपटूंना सारखेच साधे, आधाराविना बूट देऊन वर्षभर त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले, आणि पाऊल आत कलणाऱ्यांना अधिक दुखापती झाल्याचे त्यात दिसले नाही. तो अभ्यास २०१४ चा. पुढे २०१६ मध्ये लक्झेंबर्गच्या संशोधकांनी ३७२ धावपटूंवर सहा महिने केलेल्या अभ्यासात मात्र आधार देणाऱ्या बुटांनी दुखापती कमी झाल्या, आणि तो लाभ विशेषतः पाऊल आत कलणाऱ्यांना झाला. दोन्ही एकत्र वाचून मी एवढेच म्हणेन की सपाट तळवा आहे म्हणून आधाराचा बूट ‘लागतोच’ असे विक्रेत्याने ठामपणे सांगू नये, परंतु तो आपल्याला सुखाचा वाटत असेल तर टाळण्याचेही कारण नाही. शिवाय आजचे आधाराचे बूट पूर्वीसारखे टणक राहिलेले नाहीत. कायानोचेच उदाहरण घ्या : १९९३ पासून चालत आलेल्या या बुटातला आतल्या बाजूचा कठीण फोमचा ठोकळा २०२३ च्या तिसाव्या आवृत्तीत काढून टाकला आणि त्याऐवजी पसरट तळ व कमानीखालचा वेगळा फोम अशी रचना केली. दुकानात बूट हातात घेऊन टाचेची वाटी अंगठ्याने दाबून पाहा. ती सहज चेपू नये. तळाकडून पाहा, मधला भाग फार खोल कोरलेला नसावा.

कुशनिंगबाबत मैत्रिणींचे म्हणणे निम्मे खरे आहे. लक्झेंबर्गच्याच २०२० च्या, ८४८ धावपटूंच्या अभ्यासात टणक तळाच्या बुटांत दुखापती अधिक दिसल्या. मात्र मऊपणाचा फायदा झाला तो हलक्या वजनाच्या धावपटूंना, भारी वजनाच्यांना नव्हे. सर्वसाधारण समज याच्या बरोबर उलट असतो. त्यातही जाड आणि मऊ फोमवर पाऊल उंचावर राहते, आणि तळ अरुंद असेल तर थकल्यावर ते डगमगते. उन्हाचाही विचार करा : ‘ईव्हीए’ प्रकारचा फोम तापला की आणखी मऊ होतो, म्हणून वातानुकूलित दुकानात नेमका वाटणारा बूट मे महिन्याच्या तापलेल्या डांबरावर अधिक दबतो. धावून आल्यावर बूट गाडीच्या डिकीत ठेवू नका. सावलीत, मोकळ्या हवेत वाळू द्या.

आपल्या चार बुटांपैकी नोव्हाब्लास्ट मी आपल्याला पहिला बूट म्हणून सुचवणार नाही. तो उंच आणि उसळता आहे, आणि आपली सध्याची गरज ती नाही. पेगॅसस सर्वांत सरळसाधा, ४१व्या आवृत्तीत टाच चवड्यापेक्षा १० मिलिमीटर उंच. क्लिफ्टनच्या नवव्या आवृत्तीत हा फरक ५ मिलिमीटर होता, दहाव्यात तो ८ केला आहे, त्यामुळे स्वस्तात मागची आवृत्ती घेताना हे ध्यानात ठेवा : फरक कमी झाला की पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर भार वाढतो, आणि तो अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात. माझी पहिली पसंती कायानोचा रुंद साचा, दुसरी क्लिफ्टन दहाचा रुंद साचा. सोलापुरातल्या दुकानांत रुंद साचे सहसा ठेवलेले नसतात; पुण्याला एक खेप घालावी. मागवायचेच असतील तर आधी घरातल्या स्वच्छ फरशीवर घालून पाहा. माझा एक जोड तळाला धूळ लागली एवढ्या कारणावरून परत घेतला गेला नव्हता.

प्रतिसाद २ :

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गुडघ्याबाबत ताईंना एक प्रश्न विचारते : आपण जाताना आणि येताना रस्त्याच्या कोणत्या कडेने धावता? पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्ता मध्यभागी उंच आणि कडांकडे उतरता असतो. दोन्ही वेळा डाव्या कडेने धावत असाल तर उजवे पाऊल सतत उंच बाजूला पडते, अधिक आत कलते, आणि त्याचा ताण उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येतो. असे असेल तर कितीही चांगला बूट घेतला तरी कळ पूर्ण जाणार नाही. ज्या कडेने गेलात त्याच कडेने परत या, म्हणजे उतार दोन्ही पायांना सारखा वाटला जाईल, आणि एका दिशेला तरी समोरून येणारी वाहने दिसतील. आठवड्यातून दोन दिवस सपाट मैदानावर धावा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही किंवा गुडघ्याला सूज दिसली, तर धावणे थांबवून तपासून घ्या.

आणखी एक : ९०० किलोमीटर झालेले बूट आता चालण्यापुरतेच ठेवा. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरमध्ये फोमची लवचीकता बरीच कमी होते, वरून बूट धडधाकट दिसत असला तरी.

धागाकर्ती :

दोघांचेही मनापासून आभार. होय, मी जाता-येता डाव्या कडेनेच धावत होते. हे कारण माझ्या मनातही आले नव्हते. इनसोलवर उभी राहिले तेव्हा उजवी करंगळी पूर्ण बाहेर होती. उजवे पाऊल २४.६ सेंटीमीटर भरले, डावे २४.२. पुण्याला जाऊन दोन्ही रुंद साचे संध्याकाळी घालून पाहिले, दुकानाबाहेरच्या फरसबंदीवर थोडे धावूनही पाहिले. क्लिफ्टन पायात हलका वाटला, परंतु कायानो घातल्यावर उजवा पाय निश्चिंतपणे टेकत होता, म्हणून तोच घेतला.

पाच आठवडे झाले. जळजळ थांबली आहे आणि कड बदलल्यापासून गुडघ्याची कळ दहा किलोमीटरपर्यंत येत नाही. एकच शंका उरली आहे : चवडा आता मोकळा आहे, परंतु उतारावर डावी टाच किंचित वर उचलली जाते. डावे पाऊल लहान असल्यामुळे हे होत असावे. जाड मोजा घालावा का?

प्रतिसाद १ :

जाड मोजा नको. उन्हाळ्यात घाम धरेल आणि फोड येतील. बुटाच्या सर्वांत वर, घोट्याजवळ, जे एक जास्तीचे भोक असते ते बहुधा आपण मोकळे सोडले असेल. लेस त्याच बाजूच्या खालच्या भोकातून बाहेर आली की ती समोर न नेता त्याच बाजूच्या वरच्या भोकात बाहेरून आत घाला, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक लहान फास तयार होईल. मग डावी लेस उजव्या फासातून आणि उजवी डाव्या फासातून ओढून घ्या, टाच मागे टेकवून लेस खालच्या, म्हणजे टाचेच्या दिशेने घट्ट करा आणि नेहमीसारखी गाठ मारा. चवड्यावरची लेस सैलच ठेवा. हे फक्त डाव्या बुटाला करून पाहा आणि एखाद्या उड्डाणपुलाच्या उतारावर चार-पाच फेऱ्या मारा. तरीही टाच उचलली गेली, तर डाव्या बुटाच्या जिभेखाली पातळ फेल्टचा तुकडा घालता येईल.