शोरूम, ओळखीचा मिस्त्री की आपलाच पाना?

पेठेतला_स्वार
बाईकचं सर्व्हिसिंग कुठे करावं यावर काल इथे एकाने लिहिलं, "गाडीची किंमत नसलेला माणूसच ती बाहेरच्या मिस्त्रीकडे टाकतो." ते वाक्य रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी दीडशे सीसी गाडी २००९ची, ९४ हजार किलोमीटर झालेत. फ्री सर्व्हिसिंग संपल्यापासून ती एकाच माणसाच्या हाताखाली आहे. नाना पेठेत बोळाच्या तोंडाशी चाचांचं गॅरेज. मी वळण घेतो तेवढ्यात आवाज ऐकून ते सांगतात, "चेन ताणायला झालीय." समोर स्टुलावर बसायचं, गाडी उघडलेली बघायची, काढलेला पार्ट हातात घ्यायचा.

२०१६मध्ये चाचा गावी गेले होते म्हणून शोरूमला टाकली. सकाळी नऊला दिली, संध्याकाळी साडेसहाला मिळाली. बिल ३,१४० रुपये. त्यात इंजिन फ्लश आणि अँटी-रस्ट कोटिंग, दोन्ही मी सांगितलेलंच नाही. शिवाय नवा एअर फिल्टर. मी फिल्टरच्या कडेला पेनाने तारीख टाकून ठेवतो. घरी येऊन उघडलं तर आत माझीच तारीख. वर्कशॉपच्या काचेवर पाटी होती, "ग्राहकांना प्रवेश नाही." आत बघू देत नाहीत त्यांच्यावर विश्वास ठेवायचा आणि डोळ्यांसमोर काम करणाऱ्यावर नाही, हे कुणीतरी मला समजावून सांगा.

जॉबकार्ड
ते वाक्य माझं होतं. मी सहा वर्षं सर्व्हिस सेंटरमध्ये टेक्निशियन होतो. तुमच्या फिल्टरचं झालं ती चोरीच, तिची बाजू मी घेणार नाही. पण तुमची गाडी २००९ची आहे हे विसरू नका. १ एप्रिल २०२०पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि जवळपास सगळ्या गाड्यांचा कार्बोरेटर, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा भाग, जाऊन सेन्सरवर चालणारं इंजेक्शन आलं. तेव्हापासून तर गाडी स्वतःचे बिघाड कोडमध्ये नोंदवून ठेवते. तो कोड कानाने ऐकू येत नाही.

आमच्याकडे एक गाडी आली होती, मीटरवर इंजिनाचा दिवा पेटलेला. बाहेरच्या मिस्त्रीने थ्रॉटल बॉडीवरचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या भागावरचा) सील केलेला स्क्रू कार्बोरेटरचा समजून फिरवून ठेवला होता. मूळ बिघाड काय? ऑक्सिजन सेन्सरच्या वायरचं कपलर सैल. पाच मिनिटांचं काम, आम्हाला दोन दिवस गेले. पल्सर एनएस २००ला तीन स्पार्क प्लग असतात. दोन बदलून "झालं" म्हणणारे मिस्त्री मी पाहिलेत.

आणि टॅपेट! "आवाज बंद करून दिला" म्हणजे मिस्त्री हुशार, हा समज आधी डोक्यातून काढा. टॅपेटची गॅप, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा भाग यांतली फट, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात, थंड इंजिनावर, फीलर गेजची पातळ पत्ती आत घालून. ती गरजेपेक्षा कमी केली की आवाज जातो खरा, पण इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि व्हॉल्व्ह जळतो. थोडा टकटक आवाज करणारं इंजिन जास्त जगतं.

वाडीवरचे_गुरुजी
आपण सगळे शहरात राहता असं दिसतं. आमच्या वाडीपासून शोरूम ४२ किलोमीटर. गाडी टाकायला एक रजा, आणायला दुसरी. पावसाळ्यात घाटात दगड आले की तेही नाही. आमचा गॅरेजवाला पोरगा रात्री नऊला कंदिलाच्या उजेडात माझ्या स्प्लेंडरची क्लच प्लेट बदलून देतो, कारण त्याला माहीत आहे की सकाळी शाळा आहे.

जॉबकार्ड, कोड वाचणारं यंत्र त्या पोराला का मिळू नये? २०१४मध्ये स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड लावला होता, तो याच कारणासाठी. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळत नव्हती.

जॉबकार्ड
तो निकाल चारचाकींचा होता, गुरुजी.

वाडीवरचे_गुरुजी
चाकं मोजू नका, तत्त्व बघा.

रिंगपाना
दोन्ही बाजू एक माणूस विसरल्यात, गाडीचा मालक. २०१८पासून माझं ऑइल, फिल्टर, चेन, ब्रेक शू सगळं मी पार्किंगमध्ये करतो. टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळायचा पाना) धरून हत्यारांना साडेचार हजार लागले, दोन वर्षांत वसूल.

पहिल्याच वर्षी ऑइल काढायचा ड्रेन बोल्ट जोरात आवळला आणि अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगचे आटे गेले. कोल्हापुरात असल्यामुळे उद्यमनगरात नवे आटे पाडून मिळाले, पण त्या दिवसापासून मॅन्युअलमधला टॉर्कचा आकडा बघितल्याशिवाय बोल्टला हात लावत नाही. हे गॅरेजमध्ये कोण बघतं? सगळीकडे मनगटाचा अंदाज.

अवघड काहीच नाही हो. मागच्या महिन्यात बायकोच्या स्कूटरचं १०डब्ल्यू-३० ऑइल उरलं होतं, तेच बाईकला घातलं. ग्रेड, म्हणजे ऑइलचा जाडपणा, एकच.

स्नेहल_नाशिक
थांबा! ग्रेड एक असेल, ऑइल एक नाही. डब्याच्या मागे जासो (ऑइलचं जपानी मानक) एमबी लिहिलंय का बघा. स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तो इंजिन ऑइलमध्ये बुडत नाही, म्हणून तिला कमी घर्षणाचं एमबी चालतं. बाईकच्या क्लच प्लेट त्याच ऑइलमध्ये फिरतात. तिला एमए किंवा एमए२ लागतं, नाहीतर क्लच घसरतो.

रिंगपाना
सातशे किलोमीटर झाले, काही घसरलं नाही. हे कंपन्यांचे डबे खपवायचे उद्योग आहेत.

स्नेहल_नाशिक
मी काही विकत नाही. माझ्या भावाने कारचं उरलेलं सिंथेटिक ऑइल बाईकला घातलं होतं. कसारा घाटात मागे मी बसलेले. चौथ्या गिअरला इंजिन ओरडत होतं आणि गाडी पुढे जात नव्हती, मागून ट्रक हॉर्न देत होता. तो घाट मी विसरलेले नाही, म्हणून हे इतक्या कळकळीने लिहितेय. सपाट रस्त्यावर कळणार नाही. डबलसीट चढावर पूर्ण थ्रॉटल द्या, मग कळेल.

पेठेतला_स्वार
बघा, म्हणून अनुभवी माणूस लागतो. चाचा पंचवीस वर्षं बॅरलमधलं सुटं ऑइल घालतात, माझा क्लच कधी घसरला नाही.

जॉबकार्ड
बॅरलवर काय लिहिलंय, एमए की एमबी?

पेठेतला_स्वार
बघितलं नाही कधी.

जॉबकार्ड
डोळ्यांसमोर काम होतं म्हणालात. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तर बघितलीच नाहीत.

रिंगपाना
एकमेकांना कोपऱ्यात घेणं पुरे. शोरूमच्या बॅरलवर तरी कोण वाचायला जातं? तिथे तर प्रवेशच नाही.

वाडीवरचे_गुरुजी
रिंगपाना, जळकं ऑइल कुठे टाकता ते सांगा. आमच्या ओढ्यावर पावसाळ्यात तवंग येतो, जनावरं तेच पाणी पितात. वर रस्त्याकडेला कोणीतरी स्वावलंबी माणूस गाडी स्वतः सर्व्हिस करतो.

रिंगपाना
हा आरोप मी ऐकून घेणार नाही! पाच लिटरचा कॅन भरला की मी तो ओळखीच्या गॅरेजला नेऊन देतो. तिथून ते बांधकामवाले सेंट्रिंगच्या प्लेटांना, काँक्रीट चिकटू नये म्हणून, लावायला नेतात.

स्नेहल_नाशिक
म्हणजे तेही शेवटी मातीतच. नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे गेलं पाहिजे. पण एक लिटर घेऊन जाणाऱ्याला दारात कोण उभं करणार? या एका बाबतीत सर्व्हिस सेंटर बरं, तिथे निदान पिंपं साठतात आणि कोणी जाब विचारू शकतं.

जॉबकार्ड
विचारलं तर. आम्ही होतो तेव्हा जास्त बोली लावणाऱ्या भंगारवाल्याला जायचं. खोटं कशाला बोलू.

रिंगपाना
स्नेहलताई, आज संध्याकाळी बायकोला मागे बसवून कात्यायनीच्या चढावर गेलो. तिसऱ्या गिअरला आरपीएम वाढले, वेग नाही. ऑइल काढतोय. कंपन्यांबद्दलचं माझं मत तेच आहे, पण एमबीचं तुमचं बरोबर निघालं.

स्नेहल_नाशिक
नवीन ऑइल घालून दोनेकशे किलोमीटर चालवा आणि परत बघा. तरी क्लच घसरला तर त्याच्या प्लेट झिजल्यात का ते मोजावं लागेल.

पेठेतला_स्वार
चाचांना विचारलं. बॅरलवरचं लेबल कधीच गेलंय. "पंचवीस वर्षांत कोणाची तक्रार नाही" म्हणाले, थोडे दुखावलेही, आणि मला वाईट वाटलं. गाडी त्यांच्याकडेच राहणार, शोरूमला मी जाणार नाही. पण यापुढे सीलबंद एमए२चा डबा मी पेठेतून घेऊन जाईन. टॅपेटसाठी फीलर गेजही घेतलाय, त्यांनाच देतो.

जॉबकार्ड
डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा. आणि रिकामा झाला की तिथे ठेवू नका, खिळ्याने भोक पाडून टाका. ब्रँडच्या चांगल्या डब्यात परत सुटं ऑइल भरून विकतात.